मशीनच्या टेबलाखाली दिसलेले पाय

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसत वाचतोय. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... माझा धंदा लेडीज टेलरचा, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो एकच — त्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज शिवून कोण देतं? माझ्या उभ्या हयातीत एकाही हडळीनं माझ्याकडं माप टाकलेलं नाही. म्हणजे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. विश्वास नसलेल्या माणसाच्या घरी हे असलं का घडावं? आणि घडायचंच होतं तर जरा नीट तरी घडावं! धड भीती वाटत नाही, धड हसू येत नाही, नुसता डोक्याला ताप.

मी लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात पुढं दुकान, मागं घर. नाव विलास, पण बोळातली कुत्री सोडली तर सगळे मला मास्तर म्हणतात. नजर अशी की बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत माझ्या डोक्यात तिचं माप तयार. टेप मी नुसता गळ्यात घालायला वापरतो. एकदा निलंग्याच्या एका लग्नात ऐन वेळी नवरीच्या ब्लाउजची बाही उसवली. मी पहिल्या मंगलाष्टकाला सुई हातात घेतली आणि शेवटच्या ‘सावधान’च्या आत बाही बसवून, वर दोन हूक घट्ट करून दिले. खोटं वाटत असेल तर निलंग्याला जाऊन विचारा. (कुणाला विचारायचं ते विचारू नका, ती मंडळी आता पुण्याला असतात.)

ही सगळी करामत एका डोळ्याची. उजव्या. डावा डोळा लहानपणापासून आळशी — हा डॉक्टरांचाच शब्द आहे, मी शिवी देत नाही. त्याला माणूस दिसतो, म्हैस दिसते, दोघांतला फरकही कळतो, पण सुईचं नाकं दिसत नाही. म्हणजे उजवा डोळा गेला की मास्तर गेला. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

तर झालं असं. मोटारसायकलवर मागं अस्तराच्या कापडाचा गठ्ठा आणि तो बांधायला ती रबरी दोरी, दोन्ही टोकांना लोखंडी हूक असलेली. दुकानासमोर उतरून हूक काढायला गेलो तर तो सटकला आणि सण्णकन उजव्या डोळ्यावर. डोळा सुजून लिंबाएवढा झाला. मग बोळानं इलाज सुरू केले. एकीनं मध सांगितला, एकानं गाईचं तूप सांगितलं, शेजारच्या हमीदाखाला तर सुरम्याची कांडी घेऊन माझ्यामागं गोलाईपर्यंत पळाल्या. सूज उतरली आणि मी परत मशीनवर.

मग डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. आता टेलरच्या दुकानात काळे धागे दिसले तर कुणाला शंका येणार? मी आपला झटकून राहिलो — शर्टावरून, टेबलावरून, आणि एकदा तर एका गिऱ्हाईक बाईंच्या खांद्यावरून. त्या बाई जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकायला लागल्या. आणि एका सकाळी कानाकडच्या बाजूनं, खालून, एक काळा पडदा वर सरकत आला. आला तो थांबेचना.

लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, “हे काम नांदेडला होईल. उद्यावर टाकू नका.”

नांदेडला डोळ्याच्या पडद्याच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आतमध्ये काही वाचायला मिळालं की काय.

“पडदा फाटलाय,” त्या म्हणाल्या. “घड्याळाच्या बाराच्या आकड्यापासून चारपर्यंत. एवढी मोठी फाट असते तेव्हा कड उलटून स्वतःवरच दुमडते. तुमची तशीच दुमडली आहे.”

“म्हणजे अस्तर उलटलंय,” मी म्हणालो.

मॅडमनी माझ्या बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, “टेलर आहेत.”

“बरं. मग टेलरच्या भाषेत सांगते. अशा केसमध्ये बरेचदा डोळ्यातलं पुढचं भिंग काढून टाकावं लागतं, म्हणजे हत्यार आत कडेपर्यंत नीट पोचतं. भिंग तसंच ठेवून काम करणं अवघड. हत्याराचा जरा धक्का लागला तर मोतीबिंदू झालाच. पण तुमचं वय बेचाळीस, काम सुईचं. जवळचं-लांबचं नजर फिरवायचं काम ते भिंगच करतं. एकदा काढलं की बाहेरून दुसरं बसवता येतं, पण त्याला ती लवचीकता नसते. मी तुमचं भिंग वाचवायचा प्रयत्न करणार आहे.”

“पुढचं बटण न काढता आतून अस्तर शिवायचं.”

“अगदी तेच.”

त्या क्षणी मला त्या बाईंबद्दल जो आदर वाटला तो मला माझ्या उस्तादाबद्दलसुद्धा वाटला नव्हता.

ऑपरेशनमध्ये डोळा बधिर, मी जागा. आतला सगळा चिकट गर काढला, मग डोळ्यात कसलंतरी जड पाणी सोडलं, त्याच्या वजनानं तो दुमडलेला पडदा इस्त्री फिरवल्यासारखा जागेवर बसला. कडेनं लेसरचे टाके. मग पाणी काढून आत गॅस भरला. कड फार खेचू नका म्हणून मी मधेच एक सूचना केली. मॅडम म्हणाल्या, “मास्तर, तोंड बंद.”

बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला आणि मला समोर बसवून तंबी दिली. “डोळ्यात गॅसचा फुगा आहे. फुगा नेहमी वर चढतो. मान खाली घालून राहिलात तर तो मागं पडद्यावर दाबून बसेल, पडदा चिकटेल. पण उताणं झोपलात तर तोच फुगा पुढं येऊन भिंगाला टेकणार. भिंग पांढरं पडेल आणि पडदाही सुटेल. निदान दोन आठवडे जेवताना, झोपताना, बसताना तोंड जमिनीकडं. मी एवढ्या कष्टानं वाचवलेलं भिंग तुम्ही दुपारच्या एका झोपेत घालवू नका.”

नांदेड ते लातूर मी गाडीच्या पायपुसण्याकडं बघत आलो. कुठलं गाव आलं ते खड्ड्यांवरून ओळखत होतो. लोह्याचे खड्डे वेगळे, अहमदपूरचे वेगळे.

आता मान खाली घालून बसायचं म्हणजे कसं? लोक उशा रचतात, कुणी भाड्यानं खुर्ची आणतं. मी शोध लावला! माझ्या जुन्या पायाच्या मशीनचं डोकं काढून ठेवलं. डोकं काढलं की टेबलाला मधोमध आयताकृती खाच उरते. तिच्या कडेनं जुन्या रजईचा कापूस भरून गादी शिवून घेतली, पुढं स्टूल ठेवलं आणि त्या खाचेत तोंड घातलं. कपाळ आणि हनुवटी टेकलेली, हात मोकळे. खाली दिसायला काय? लोखंडी पायडल, फरशी, आणि समोर जो बसेल त्याचे पाय. बस्स. एवढंच माझं जग. उजव्या डोळ्यात गॅसचं धुकं, म्हणून हे सगळं आळशी डाव्यानं बघायचं.

आणि भेटायला येणारे! आपल्याकडं माणूस आजारी पडला की अख्ख्या तालुक्याला सुट्टी असते. केळी, बिस्किटं, शहाळी. आणि येणारा प्रत्येक जण बघतो की मास्तर मान खाली घालून बसलेत. वयस्कर बायका आल्या की त्यांना वाटायचं मी पाया पडण्यासाठीच वाकलोय. लगेच डोक्यावर हात — “सुखी रहा लेकरा.” जे लहान होते ते म्हणायचे, “मास्तर, आमच्यापुढं कशाला वाकता, उठा उठा!” आणि खांदे धरून मला उठवायला लागायचे. जन्मात मी कुणापुढं मान तुकवली नव्हती, आणि आता गल्लीतला प्रत्येक जण मला आशीर्वाद देऊन राहिलेला. एका दूरच्या भावजयीनं तर डोक्यावरून दृष्ट काढली आणि ती मिरची-मीठ-मोहरी माझ्या खाचेतच सांडली. सगळ्यांना ओरडून ओरडून माझा घसा बसला.

शेवटी बायको, सुनीता, तिनं दारावर पाटी लावली की दुपारी कुणी येऊ नये. ती झेडपीच्या शाळेत मास्तरीण. सकाळी जेवण करून ठेवून जायची, संध्याकाळी परत. दुकान बंद. दुपारभर मी आणि ती खाच.

पहिल्याच दुपारी दार लोटल्याचा आवाज झाला. खाचेतून दोन पाय दिसले. जाड तळाच्या करकरत्या वहाणा आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं, मधून चिरलेलं. ते पाय मी झोपेतही ओळखले असते. लहानपणी त्याच पायांच्या मागं मी रेणापूरच्या बाजारात पळालोय. रेणापूरचे किसनमामा. माझ्या आईचे धाकटे भाऊ.

आता या मामांशी आमचं बोलणं बंद होतं. कारण ऐका आणि तुम्हीच सांगा. माझ्या बहिणीच्या लग्नात माइकवर नावं पुकारून एकेकाला फेटे बांधणं चाललं होतं. माइकवाल्यानं मामांचं नाव घेतलं ते व्याह्यांच्या ड्रायव्हरनंतर. एवढंच! मुलीच्या मामाचा मान ड्रायव्हरच्या मागं! मामा तसेच उठले, मुलीला स्टेजवर आणून सोडलं आणि न जेवता चालते झाले. जाताना शपथ घेतली की तुपल्या घरचं, म्हणजे तुझ्या घरचं, पाणी पिणार न्हाई. यात माझी चूक काय? यादी माइकवाल्याची, घाई माइकवाल्याची. पण मामा म्हणजे मामा. इतकी वर्षं आमच्या घरात त्यांचं नाव निघत नव्हतं.

आणि तेच मामा माझ्यासमोर बसलेले.

“का रं लेका,” आवाज तोच, मडक्यात दगड फिरवल्यासारखा. “आखरीला वाकलास का न्हाई मपल्याम्होरं?”

“मामा, तुमच्यापुढं नाही वाकलो, फुग्यापुढं वाकलोय,” मी खाचेतून म्हणालो. “पाणी घ्या, माठात आहे.”

“शपथ हाय मपली. पाणी न्हाई. आन ऐक, मी येऊन राहिलो हे घरात कुणाला सांगू नगंस. सुनीताला बी न्हाई. उद्या रेणापुरात कळलं की किसनराव मान सोडून भाच्याच्या दारात गेला, तर मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई राहायची.”

मी म्हणालो, बरं. माणूस भांडखोर असला तरी आलाय ना एवढ्या लांबून.

त्यानंतर मामा दुपारी येत राहिले. प्रेमानं चौकशी? छे! नुसतं भांडण. फेट्याचा विषय, ड्रायव्हरचा विषय, माझ्या बापानं मामांच्या शेळीचे पैसे दिले नव्हते तो विषय. आणि मामांना एक जुनी खोड, बसलं की पाय हलवायचा. समोरचं पायडल आयतंच सापडलेलं. बोलता बोलता डावा पाय पायडलवर — खडखड, खडखड, चाक फिरतंय, वर डोकं नाही आणि मशीन चालू! माझ्या कपाळाखाली टेबल थरथरायचं. मी ओरडायचो, “मामा, पाय थांबवा, माझा डोळा हलतो!” ते म्हणायचे, “डोळा हलत न्हाई, तुपली नियत हलून राहिली. मान वर करायची इच्छा व्हतीय ना?”

होत होती! तुम्ही बसून बघा तसं. मानेचा दगड होतो, पाठीला मुंग्या येतात, नाकातून पाणी गळतं ते थांबत नाही. मला खात्री आहे, ही भांडणं नसती तर मी तिसऱ्याच दुपारी आडवा झालो असतो. भांडणात दुपार निघून जायची.

एका दुपारी मामा आले आणि भांडण काढलंच नाही. पायडलही बंद. मग म्हणाले, “एक सांगू का? मी त्या दिवशी गेलो नव्हतो.”

“कुठं?”

“लग्नातून. स्टँडवर गेलो आन परत फिरलो. मंडपाच्या मागं पाण्याचा टँकर उभा व्हता ना, त्याच्या आडाला उभं ऱ्हाऊन समदं बगितलं. अक्षदा मुठीत तशाच. फेकाव्या कुठून, टँकरवर? पोरगी गाडीत बसूस्तवर उभा व्हतो. वाटलं, कुणीतरी मागं वळून बगल. कुणी बगितलं न्हाई.”

खाचेत तोंड घालून रडता येत नाही, डोळ्याला चालत नाही. मी एवढंच म्हणालो, “चुकलं मामा. माइकवाल्याचं, माझं, सगळ्यांचं चुकलं.” समोरचे पाय जरा हलले.

आता शेवटच्या दुपारचं सांगतो. वीज गेलेली, पंखा बंद, पत्रा तापलेला. मानेत अशी कळ की डोक्यात घण पडतोय. मी ठरवलं — मरू दे. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं पाठ टेकतो, कोणाला कळणार आहे? मॅडम नांदेडला. स्टुलावरून उठलो, हात मागं टेकले आणि मान वर करायला लागलो. मामा आल्याचा आवाज मी ऐकला नव्हता, खाली पाय दिसले नव्हते. तरी डोक्यावर असा पंजा पडला की काय सांगू! आशीर्वादाचा हात मी त्या आठवड्यात शंभर वेळा घेतला होता, हा तसला नव्हता. पैलवानानं मान दाबावी तसा.

“खाली!” आवाज कानाशीच. “भिंग तुपलं न्हाई ते, बाईनं वाचवलंय ते. खाली घाल मुंडकं!”

नाक टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त आलं. मी शिव्या देत परत खाचेत. खाली बघतो तर पाय नाहीत. पायडलवर नाहीत, फरशीवर नाहीत, दाराकडं जाताना नाहीत. हाका मारल्या, उत्तर नाही. त्या दिवसानंतर मामा आले नाहीत.

संध्याकाळी सुनीतानं विचारलं, “नाकाला काय झालं?” मी म्हणालो, टेबल लागलं. शब्द पाळला बघा मी.

पुढं नांदेडला तपासणी झाली. मॅडमनी बघितलं, परत बघितलं. “पडदा पक्का बसलाय. आणि भिंग एकदम काचेसारखं स्वच्छ. मास्तर, मान खाली ठेवणं एवढं काटेकोर फार कमी लोकांना जमतं.” मी नाकावरून हात फिरवला. हळूहळू फुगा लहान झाला. आधी वरच्या बाजूनं दिसायला लागलं, खाली पाण्याच्या बाटलीसारखी एक रेघ डुगडुगायची, ती रोज खाली खाली जात शेवटी संपली.

गॅस संपल्यावर पहिलं काम ठरवलं — रेणापूर. एक चांगला फेटा घेतला, सुनीताला बाजारात जातो म्हणून सांगितलं आणि एसटीत बसलो. मामांचा मान ड्रायव्हरच्या आधी, घरी जाऊन, हातानं बांधायचा.

मामा पडवीत बाजेवर. डावा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टरच्या टोकाला तेवढा अंगठा बाहेर, काळं नख, मधून चिरलेलं.

मी म्हणालो, “अरे, हे कधी झालं? परवा-परवा तर चालत येत होतात!”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वीजबिल घेऊन आलोय. “कोण चालत येत व्हतं? कुठं?”

“माझ्याकडं. लातूरला. रोज दुपारी.”

“मी? तुपल्या दारात?” मामा बाजेवर ताठ झाले. “मपली शपथ हाय! मेलो तरी तुपल्या दारात पाय ठेवणार न्हाई!”

मामी स्वयंपाकघरातून आली. “काय म्हणून राहिला हा? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले हे, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीच. तेव्हापासून बाजेवर. आंघोळीला बी दोन माणसं लागतात. सुनीताला मी फोन केला व्हता, पण तुला सांगू नको म्हणलं, तुझ्या डोळ्याला टेन्शन नको.”

तर ही गंमत! मामा येत होते ते मी सुनीताला सांगितलं नाही, आणि मामांचा पाय मोडला ते सुनीतानं मला सांगितलं नाही.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, “मामा, आता नाटकं पुरे. तुम्ही आलात, बसलात, भांडलात. मी माफी मागितली तुमची!”

“मला न्हाई पोचली,” मामा म्हणाले. “ज्याला मागितली त्याला विचार. मपल्याकडं परत माग.”

“परत? एकदा मागितलीये!”

“दुसऱ्याच्या पत्त्यावर टाकलेलं मपल्या घरात कसं येईल?”

मी इतका चिडलो की तोंडातून निघून गेलं. “तुम्हीच सांगितलं ना मला, लग्नातून गेला नव्हतात म्हणून? पाण्याच्या टँकरमागं उभे होतात म्हणून? मुठीत अक्षदा तशाच होत्या म्हणून?”

मामी पदर हातात धरून तशीच उभी. मग तिनं मामांकडं बघितलं. “तुम्ही तर म्हणले व्हते, सरळ स्टँडवरून घरी आलो. दोन दिवस जेवले न्हाईत म्हणून मी तुमच्या हातापाया पडत व्हते.”

मामा खाली बघून प्लास्टरवरची माशी उडवत राहिले. मग अगदी हळू, त्या मडक्यातल्या दगडाच्या आवाजात म्हणाले, “हे मी कुणालाच सांगितलं न्हाई रे. तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मी परत माफी मागितली, झक मारत. फेटा बांधला, बांधता बांधता डोक्यावर पडलेल्या त्या पंजाचंही सांगितलं. बसलेल्या माणसाला फेटा बांधणं सोपं नाही, तेवढ्यातही मी असा बांधला की रेणापूरच्या गल्लीत त्या दिवशी तीन नवरदेवांनी मान खाली घातली असती.

घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. ती शाळेची बाई, तिनं लगेच निकाल लावला. “औषधांची गुंगी. एकटेपणा. मनात मामांचा विषय होताच, स्वप्न पडलं.” मी म्हणालो, “आणि टँकर? तो माझ्या मनात कुठून आला? मी तर स्टेजवर होतो.” ती म्हणाली, “कधीतरी कुणीतरी बोललं असेल, कानावर गेलं असेल.” मी जवळजवळ मानलंही. तेवढ्यात शेजारून हमीदाखाला आल्या.

“मास्टर, अब अच्छा है ना आंख? अल्ला का शुक्र. एक बात पूछूं? वो दोपहर कू तुमारे पास कौन बुड्ढा आता था जी? इत्ता झगड़ा, इत्ता झगड़ा! और ऊपर से मशीन खड़खड़. मैं बोली बीमार आदमी आराम कर रहा के सिलाई कर रहा! मेरी आंख नै लगती थी.”

सुनीतानं विचारलं, “खाला, तुम्ही पाहिलं का त्याला?”

“देखी नै. दरवाजे के नीचे की फट में से चपलां देखी. मोटे मोटे. मैं सोची होंगे कोई रिश्तेदार.”

सुनीतानं माझ्याकडं बघितलं, मी सुनीताकडं. मग ती चहा ठेवायला उठली. तेव्हापासून आमच्या घरात ‘गुंगी’ हा शब्द कुणी काढत नाही.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. भूत म्हणावं तर माणूस जिवंत, बाजेवर बसून माझ्याशी वाद घालतोय. स्वप्न म्हणावं तर नाकावरचा वण आरशात रोज दिसतो. मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही. त्या ‘मास्तर, तोंड बंद’ म्हणतील. तुमच्यापैकी कुणाला असं काही माहीत असेल तर सांगा, पण पिंपळ-अमावस्या सांगू नका.

आणि आता नवा ताप. मामांचं प्लास्टर निघालं. ते गावभर सांगत सुटलेत की भाच्याचा डोळा मी वाचवला. मी फोन करून म्हणालो, “मामा, तुम्हीच म्हणता मी आलो नव्हतो.” तर म्हणतात, “आलो न्हाई. पण वाचवला मीच. डोक्यावर हात कुणाचा व्हता? मपला!” मॅडम म्हणतात श्रेय ऑपरेशनचं, सुनीता म्हणते तिच्या भाकरीचं, खाला म्हणतात त्यांच्या दुव्याचं. तिघीही बरोबर असतील. मला एवढंच माहीत आहे की आता मी दिव्याखाली बसून साधी सुई एका झटक्यात ओवतो, चष्मा न लावता, आणि मान वर करून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचतो.

मागच्या रविवारी मामा घरी आले. स्वतः, काठी टेकत, सगळ्यांसमोर. सुनीतानं पाणी पुढं केलं. मामांनी ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “शपथ मोडायची म्हणजे वेळ लागतो लेका. आधी चहा आण.”